मार्चमध्ये ब्यासकुंड : उतार धोक्याचा आहे हे स्वतः कसं ओळखायचं?

सई_कोथरूड | १२ जानेवारी, रात्री १०.०५

नमस्कार मंडळी. आम्ही सहा जण मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मनालीहून ब्यासकुंडला जायचं म्हणतोय. सोलंग, धुंदी, बकरथाच आणि पुढे कुंड. तंबू आमचे, सोबत तिथलाच एक वाटाड्या. चौघांचा गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स झालाय, बाकी दोघांनी डिसेंबरात केदारकंठा केलाय. मे-जूनमध्ये ही वाट सोपी असते हे माहीत आहे. मार्चमध्ये ती पूर्ण बर्फाखाली असते आणि आम्हाला जायचंय ते त्याचसाठी.

वाटाड्याला फोनवर हिमस्खलनाबद्दल विचारलं, तर "कुछ नहीं होता मॅडम, मैं बीस साल से जा रहा हूँ." त्याच्यावर अविश्वास नाही. पण कोर्समध्ये आइस अ‍ॅक्स, दोर, क्रॅम्पॉन सगळं हातात घेऊन शिकलो, बर्फ ओळखण्यासाठी मात्र एका दुपारचं लेक्चर होतं. सह्याद्रीत पावसाळ्यात ओढ्याकडे बघून मी सांगू शकते की तासाभरात हा ओलांडता येणार नाही. बर्फाकडे बघून मला काहीच सांगता येत नाही, आणि हे खुपतंय. उतारासमोर उभं राहिल्यावर नक्की काय बघायचं? आणि इथे पुण्यात बसून काय तयारी करता येईल?

डोंगरवेडा_७१ | १२ जानेवारी, रात्री १०.२०

मे महिन्यात जा. विषय संपला.

आडवाटेचा_निनाद | १२ जानेवारी, रात्री ११.१२

विषय संपत नाही हो दादा, तिला मार्चमध्येच जायचंय.

सई, माझा हिमालय फार नाही, पण दरडींचा अभ्यास नादानं केलाय. ३० जुलै २०१४ ला माळीण गेलं, त्यानंतर आमच्या ग्रुपनं नियम केला : सलग दोन दिवस झोडपणारा पाऊस झाला की तिसऱ्या दिवशी घाटाखालची कुठलीही वाट नाही. बर्फालाही तोच न्याय लावता येईल असं वाटतं. मोठी बर्फवृष्टी झाली की ४८ तास थांबायचं, मग निघायचं. बाकी उतार, माती आणि पाणी यांचंच गणित.

निवृत्त_सॅपर | १३ जानेवारी, सकाळी ६.४०

सई, प्रश्न योग्य जागी बोट ठेवून विचारला आहेस. निनाद, तुझं अर्धं पटतं. ताज्या बर्फानंतरचे पहिले एक-दोन दिवस सर्वांत वाईट, हे खरंच. २४ तासांत फूटभर बर्फ पडला असेल तर मी उताराकडे तोंडही करणार नाही.

पण दरड आणि अ‍ॅव्हलांच यांत एक मोठा फरक आहे. माळीणला लोक आपापल्या घरात होते, डोंगर त्यांच्यावर आला. डोंगरात फिरायला गेलेली माणसं ज्या लोटाखाली सापडतात, तो मात्र दहातल्या नऊ वेळा त्यांनी स्वतः किंवा त्यांच्याच जोडीदारानं, पाय ठेवून सोडलेला असतो. कारण आपण असतो, म्हणून टाळणंही बऱ्याच अंशी आपल्या हातात असतं.

आता हे होतं कसं. बर्फ म्हणजे एकजिनसी ढीग नव्हे. प्रत्येक वादळाचा एक थर, मध्ये उन्हाचे दिवस, वाऱ्याचे दिवस, कडाक्याच्या रात्री, आणि प्रत्येकानं आपली खूण त्यात ठेवलेली असते. सगळ्यांत घातक रचना अशी : वर घट्ट बांधलेला थर, त्याला मी लादी म्हणतो, आणि त्याखाली साखरेसारखे सुटे दाणे. उतारावर वाळू पसरून त्यावर फरशी नुसती ठेवली तर काय होईल? काही दिवस बसेल. मग कुणीतरी तिच्यावर उभं राहील.

हे सुटे दाणे तयार होतात ते बर्फ पातळ आणि थंडी कडक असली की. जमिनीलगतचा बर्फ शून्याच्या आसपास राहतो, वरचा रात्री गारठतो. समज थर ५० सेंटीमीटर आणि वरचं तापमान उणे १५. म्हणजे दर १० सेंटीमीटरला ३ अंशांचा फरक. १ अंशाच्या वर गेलं की आतली वाफ वर सरकते आणि बर्फाचे कण एकमेकांना धरायचे सोडून टोकदार, मोकळे होतात. मुठीत दाबला तर त्याचा गोळाच होत नाही. असा थर आठवडे, कधी महिने तसाच राहतो. म्हणून निनाद, ४८ तासांचा नियम इथे अपुरा पडतो. डिसेंबरात पडलेल्या थोड्या बर्फाची साखर झालेली असेल, तर मार्चमधल्या लख्ख उन्हाच्या दिवशीही लादी सुटू शकते.

उरलेलं संध्याकाळी लिहितो. नातवाला शाळेत सोडायचंय.

स्वयंपाकघरातून_मीरा | १३ जानेवारी, दुपारी २.३०

सॅपरकाका, तुमचं वाचून दुपारी लेकाबरोबर करून पाहिलं! परातीत जुनी सुती ओढणी पसरली, तिच्यावर बोटभर मैदा दाबून बसवला, परात हळूहळू एका बाजूनं उचलली. मैदा बराच वेळ जागचा हलला नाही. मग तेच पुन्हा केलं, पण ओढणीवर आधी साखरेचा पातळ थर आणि त्यावर मैदा. थोडीच परात उचलली आणि लेकानं वर बोट टेकवलं. मैद्याला आडवी भेग गेली आणि अख्खा तुकडाच्या तुकडा खाली! बोट टेकवलं होतं एका कोपऱ्यात, भेग पडली पार वर. लेक सातवीत आहे, त्याचा पहिला प्रश्न : "आई, मग बोट लावणारा खालच्या बाजूला असतो ना?"

मला उत्तर द्यायला जड गेलं.

निवृत्त_सॅपर | १३ जानेवारी, रात्री ८.१५

मीराताई, लेकाला माझ्याकडून शाबासकी. प्रश्न अचूक आहे. भेग बहुतेक वेळा माणसाच्या वरच्या बाजूला पडते आणि तो त्या तुकड्यावर उभा असतो. सपाटीवर चालतानाही खालचा थर मोडून वरचा उतार सुटू शकतो.

सई, आता काय बघायचं ते. पहिली गोष्ट कोन. लाद्या सुटतात त्या मुख्यतः ३० ते ४५ अंशांच्या उतारावर, ३८ च्या आसपास सर्वाधिक. त्याहून उभ्या भिंतीवर बर्फ फारसा साठत नाही, सतत गळत राहतो. ३० च्या आत सहसा सुटत नाही. बर्फाचं सगळं बदलतं, उताराचा कोन मात्र बदलत नाही आणि तो मोजता येतो. फोनमध्ये क्लिनोमीटर असतो, पण थंडीत फोन मान टाकतो, म्हणून काठ्यांची रीत शिकून ठेव. एक काठी उताराच्या दिशेनं बर्फावर दाबून ठसा उमटवायचा. वरचं टोक जागीच ठेवून खालचं टोक उचलायचं. त्या उचललेल्या टोकाला तेवढ्याच लांबीची दुसरी काठी ओळंब्यासारखी सरळ लोंबू द्यायची. तिचं टोक ठशाच्या बरोबर खालच्या टोकाला टेकलं तर उतार ३० अंश. ठशाच्या खाली गेलं तर ३० हून जास्त. वर राहिलं तर कमी.

दुसरी गोष्ट, आपण उभे आहोत त्याच्या वर काय आहे. आपला रस्ता २० अंशांचा असेल, पण डोक्यावर ३८ चा उतार टांगलेला असेल तर काही उपयोग नाही. दरीच्या तळातून वरच्या उताराच्या माथ्याकडे बघ. नजरेचा कोन २५ अंशांच्या वर असेल तर तू लोटाच्या वाटेत आहेस असं धर. मोठे लोट त्याहूनही सपाट जागी येऊन थांबतात. तंबूची जागा ठरवताना हे दहा वेळा बघायचं. २८ फेब्रुवारी २०२५ ला बद्रीनाथजवळ माणा इथे रस्त्याच्या कामगारांच्या छावणीवर लोट आला. ५४ कामगार होते, ४६ जणांना बाहेर काढलं, ८ गेले. ती माणसं कुठल्या शिखरावर चढत नव्हती.

तिसरी गोष्ट, बर्फ स्वतः बोलतो ते ऐकणं. आजूबाजूला ताजे लोट दिसतात का. पावलाखालून भेगा धावतात का. आणि "भुप्प" असा पोकळ आवाज, जसा खाली एखादा तळघराचा दरवाजा बंद झाला. तो खालचा थर बसल्याचा आवाज. तो आला की चर्चा नाही, आलो त्याच पावलांनी मागे.

मुळशीचा_वारा | १३ जानेवारी, रात्री ९.०२

वाचनखूण साठवली. काका, वाऱ्याबद्दल पण लिहा ना, नावाला जागतो म्हणून विचारतो. :)

निवृत्त_सॅपर | १३ जानेवारी, रात्री ९.३०

वारा हा तर या कामातला गवंडी. आभाळ निरभ्र असलं तरी तो धारेच्या एका बाजूचा बर्फ उचलून दुसऱ्या बाजूला थापत राहतो. आभाळातून पडतो त्याच्या कितीतरी पट वेगानं. त्यामुळे "चार दिवस बर्फ पडला नाही" एवढं पुरत नाही, "चार दिवस वारा कसा होता" हेही विचारायचं. धारेवर बर्फाचं छज्जं बाहेर आलेलं दिसलं की वारा कुठून कुठे गेला ते कळतं. छज्जाखालची गुबगुबीत बाजू टाळायची. आणि छज्जावर तर उभं राहायचंच नाही.

शब्दवेल्हाळ | १४ जानेवारी, सकाळी १०.१०

संक्रांतीच्या शुभेच्छा सगळ्यांना. जरा अवांतर, चालेल ना? वर्तमानपत्रं "हिमकडा कोसळला" लिहितात. कडा म्हणजे उभा खडक, तेव्हा लटकत्या हिमनदीचा तुकडा तुटला तर हिमकडा ठीक. पण सॅपरकाका सांगतायत ती लादी सुटणं म्हणजे कडा कोसळणं नव्हे. "हिमलोट" मला जवळचा वाटतो. पाण्याचा लोंढा, धुळीचा लोट, तसा बर्फाचा लोट. "हिमस्खलन" बरोबर आहे, पण बोलताना जीभ अडखळते.

गढवालप्रेमी | १४ जानेवारी, सकाळी ११.४५

अवांतर नाही, फार कामाचं आहे हे. मी आठ वर्षं गढवालात जातोय. तिथले गावकरी हिमलोटाला सरसकट "ग्लेशियर" म्हणतात. "उस नाले में ग्लेशियर आता है" याचा अर्थ तिथे हिमनदी आहे असा नसून दर वर्षी लोट उतरतो असा. पहिल्या वर्षी मी हे ऐकून नकाशात हिमनदी शोधत बसलो होतो. मनालीकडच्या पोर्टरांकडूनही हाच शब्द ऐकलाय. सई, वाटाड्याला "अ‍ॅव्हलांच का खतरा है क्या?" विचारलंस तर "कुछ नहीं होता" हेच उत्तर येणार. प्रश्न बदलून बघ : "ग्लेशियर कहाँ-कहाँ आता है, किस महीने में, कितने बजे?"

सई_कोथरूड | १४ जानेवारी, दुपारी १.००

गढवालप्रेमी, हे माझ्या डोक्यातही आलं नसतं. आजच फोन लावते. सॅपरकाका, तुमचं सगळं वहीत उतरवून घेतलंय.

तांत्रिक_तात्या | १४ जानेवारी, संध्याकाळी ६.२०

नकाशाचं मी सांगतो. ५० हजारी नकाशा, म्हणजे १ मिलिमीटरला ५० मीटर. समोच्च रेषा ४० मीटरच्या असतील तर ३० अंशांच्या उतारावर दोन रेषांमधलं अंतर साधारण १.४ मिलिमीटर येतं आणि ४५ अंशांना ०.८. पारदर्शक पट्टीवर या दोन खुणा करून घ्यायच्या आणि आपल्या वाटेवरच नव्हे तर वाटेच्या वर जे जे आहे त्यावर फिरवायच्या. रेषा दोन खुणांच्या मध्ये बसल्या की तो भाग लाल पेन्सिलीनं रंगवायचा. एक संध्याकाळ पुरते. पण ४० मीटरच्या रेषांमध्ये २५-३० मीटरचा उभा टप्पा सहज लपतो, आणि माणूस गाडायला तेवढा पुरतो. तेव्हा नकाशावर पांढरं राहिलं म्हणजे सुरक्षित असं धरू नका.

दुसरं, हवामान. उत्तरेत हिवाळी बर्फ आणतात ते पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारी वादळं. आपल्या सिमला ऑफिसला, म्हणजे शिवाजीनगरच्या वेधशाळेला, ते नाव पडलं कारण १९२८ मध्ये हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्यात आलं. या योगायोगाचा मला फार आनंद होतो. :) असो. खात्याचे जिल्हावार अंदाज बघायचे, आणि हिमलोटाचे इशारे डीआरडीओच्या डीजीआरई या संस्थेचे. ही पूर्वीची मनालीची सासे, बर्फ आणि हिमलोटांचा अभ्यास करणारी संस्था. धुंदीला, म्हणजे सईच्या वाटेवरच, तिचं निरीक्षण केंद्र आहे. तिथे असं केंद्र का लागलं असेल याचा जरा विचार करा.

डोंगरवेडा_७१ | १४ जानेवारी, संध्याकाळी ७.०५

अटल बोगद्याचं मनालीकडचं तोंडही धुंदीजवळच आहे. तिथल्या रस्त्याला लोटापासून वाचवणारी छप्परं करावी लागलीत. म्हणून म्हटलं मे.

पिट्टूवाला | १४ जानेवारी, रात्री १०.५०

थोडा विरोध नोंदवतो. हे कोन, पट्ट्या, मिलिमीटर सगळं वाचायला छान, पण डोंगरात जन्म गेलेल्या माणसाला जे कळतं ते पुण्यातून पट्टी घेऊन गेलेल्याला कळणार नाही. वाटाड्यावर भरवसा ठेवावा. मी अकरा हिमालयीन ट्रेक केले, प्रत्येक वेळी लीडर म्हणाला तसं चाललो, कधी काही झालं नाही. आणि हिमलोटाच्या इशाऱ्याला १ ते ५ अशा पायऱ्या असतात, त्यात ३ म्हणजे मध्यमच ना? मध्यमला घाबरून कसं चालेल?

मुग्धा_सहकारनगर | १५ जानेवारी, पहाटे ५.२०

रात्रभर विचार करून लिहितेय. पिट्टूवाला, हा राग तुमच्यावर नाही.

काही वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये गढवालात एका खिंडीच्या ट्रेकला गेले होते. संस्थेचं नाव लिहीत नाही. आम्ही सोळा जण, लीडर अनुभवी, मनानंही चांगला. आदल्या दोन दिवसांत बर्फ पडून गेला होता, त्या सकाळी आकाश निळंशार. खिंडीखालच्या उतारावर आडवी चाल होती. पहिले चार जण उतारावर गेले आणि माझ्या पायाखालून तो आवाज आला. काकांनी लिहिलाय तसाच. पोटात काहीतरी खाली गेल्यासारखं झालं. माझ्यासमोर दहा-बारा फुटांची भेग पळत गेली. मी ओरडले. लीडर म्हणाला, "बर्फ सेट हो रहा है, अच्छी बात है, चलो." मी आणि अजून दोघी तिथेच थांबलो. एका पोर्टरबरोबर मागे फिरलो. उरलेले तेरा खिंड ओलांडून गेले आणि सुखरूप पोचले.

परतीच्या गाडीत माझ्याशी कुणी नीट बोललं नाही. ग्रुपवर खिंडीतले फोटो येत होते आणि खाली "काही जण आवाजाला घाबरले" असं. पुढे कितीतरी महिने मी स्वतःला भित्री समजत होते. नंतर शिकायला लागले, वाचलं, कोर्स केला, तेव्हा कळलं की तो आवाज आणि ती भेग ही दोन्ही "आत्ता मागे फिर" अशी उताराची स्वच्छ ताकीद होती. ते तेरा जण सुखरूप आले ते त्यांचा अंदाज बरोबर होता म्हणून नव्हे. लादी नेमकी जिथून सुटली असती तिथे कुणाचा पाय पडला नाही एवढंच.

डोंगर चूक केल्यावर दर वेळी शिक्षा देत नाही, म्हणून तो वाईट शिक्षक आहे. अकरा वेळा काही झालं नाही यातून अकरा वेळा बरोबर होतो हे सिद्ध होत नाही. वाटाड्याच्या वीस वर्षांनाही हे लागू आहे, त्याच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून.

गढवालप्रेमी | १५ जानेवारी, सकाळी ८.००

मुग्धाताई, बरं झालं लिहिलंत. मागे फिरलेल्या तिघींना आज या धाग्यावर तरी दाद मिळू दे.

बर्फाळ_प्राध्यापक | १५ जानेवारी, सकाळी ९.३५

मुग्धा यांच्या मुद्द्याला जोड. इयन मॅकॅमन यांनी अमेरिकेतल्या सातशेहून अधिक हिमलोट अपघातांचा अभ्यास केला होता. त्यात पुन्हा पुन्हा दिसलं की धोक्याच्या खुणा समोर असतानाही माणसं गेली. का, तर वाट ओळखीची होती, ठरवलं होतं म्हणून जायचंच होतं, सोबत "जाणकार" होता, दुसरे लोक तिथेच दिसत होते, कुणाच्या नजरेतून उतरायचं नव्हतं. प्रशिक्षण घेतलेले लोकही यात होते. पुण्याहून गेलेल्या ग्रुपला यात आणखी दोन गोष्टी : परतीचं तिकीट आणि शिल्लक रजा.

आणि पिट्टूवाला, ३ हा मधला आकडा आहे, मध्यम धोका नव्हे. प्रत्येक पायरीला धोका झपाट्यानं वाढतो. युरोपात ४ आणि ५ च्या दिवशी लोक घरी बसतात, सर्वाधिक बळी ३ च्या दिवशी जातात. ऊन असतं, बर्फ ताजा असतो, आणि लादी माणसाच्या वजनाची वाट बघत असते.

पिट्टूवाला | १५ जानेवारी, दुपारी १२.१५

आकड्याबद्दल माझा समज चुकीचा होता, मान्य. मुग्धाताई, मी त्या गाडीत असतो तर कदाचित मीही बोललो नसतो. वाईट वाटतंय.

पण खड्डा खणून तपासणी करतात ना? ती केली की शंका मिटते, असं ऐकलंय.

निवृत्त_सॅपर | १५ जानेवारी, दुपारी ४.४०

मिटत नाही. पण ती शिकण्यासारखी आहे, म्हणून सविस्तर.

सुरक्षित जागी, पण आपल्या उताराच्याच दिशेचा आणि साधारण तेवढ्याच उंचीवरचा छोटा उतार निवडायचा. खड्डा खणून समोरची भिंत कापल्यासारखी सरळ करायची. बोटानं दाबत वरून खाली जायचं : मूठ जाते का, चार बोटं, एक बोट, पेन्सिल की सुरी. घट्ट थराखाली एकदम मऊ थर लागला की तिथे लक्ष. मग ९० सेंटीमीटर रुंद आणि ३० सेंटीमीटर आत असा ठोकळा चारी बाजूंनी मोकळा करायचा, एका टोकावर फावडं ठेवून टपल्या मारायच्या. दहा मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. भेग एका टोकाला पडून तिथेच थांबली तर एक गोष्ट. पण भेग सरसर जाऊन अख्खा ठोकळा सुटला, तर हा थर भेग पसरवतो आहे, उतार सोडून द्यायचा.

न फुटला तर? तर तुम्हाला एवढंच कळलं की *या* जागी फुटला नाही. वीस पावलांवर खडकाजवळ बर्फ पातळ असेल, तिथे साखर असेल. खड्डा "नको" म्हणायला पुरेसा असतो. "जा" म्हणायला कधीच नाही.

मुळशीचा_वारा | १५ जानेवारी, संध्याकाळी ५.१०

आता बीकनचं बोला, म्हणजे गाडलेल्या माणसाचा माग लावायच्या त्या रेडिओ यंत्राचं. आमच्या ग्रुपमध्ये वाद चाललाय. एवढा खर्च करून ते यंत्र कशाला, हेलिकॉप्टर येतंच, असं काहींचं म्हणणं.

निवृत्त_सॅपर | १५ जानेवारी, रात्री ९.५५

हेलिकॉप्टर मृतदेह न्यायला येतं. हे कठोर आहे, पण लिहायलाच हवं.

पूर्ण गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढला तर दहातले नऊ जगतात. पस्तीस मिनिटांनी तिघातला एक. लोट थांबला की बर्फ सिमेंटसारखा बसतो, हाताचं बोटही हलवता येत नाही, आणि बहुतेक जण गुदमरून जातात. एका घनमीटरचं वजन ३००-४०० किलो असतं. म्हणजे वाचवणारे फक्त तेच, जे वर शिल्लक आहेत. ४५७ किलोहर्ट्झचा बीकन *प्रत्येकाच्या* अंगावर, चालू. प्रोब, म्हणजे बर्फात खुपसून शोधायची लांब काठी, आणि धातूचं फावडं *प्रत्येकाच्या* सॅकमध्ये. तीनपैकी एक नसेल तर उरलेल्या दोनांचा फार उपयोग नाही. २०१६ मध्ये सियाचीनला एक जवान सहा दिवसांनी जिवंत सापडला आणि सगळ्या देशाला आशा वाटली. तो अपवाद होता, आणि तोही पुढे काही दिवसांतच गेला.

माझा एक जोडीदार आम्हाला चाळीस मिनिटांनी सापडला. आमच्याकडे तेव्हा बीकन नव्हते. काठ्या खुपसत एका रांगेत चाललो होतो. मी त्याच्यावरून दोनदा गेलो असेन. हे मी घरीसुद्धा फारसं बोलत नाही. सई, यंत्र भाड्यानं घ्या, उसनं घ्या, पण घ्या, आणि इथे पंचवीस वेळा सराव करून मगच जा. नुसतं गळ्यात घालून जाणं म्हणजे ताईत बांधणं.

स्वयंपाकघरातून_मीरा | १५ जानेवारी, रात्री १०.३०

काका, नमस्कार करते तुम्हाला.

तांत्रिक_तात्या | १६ जानेवारी, सकाळी ७.२५

सरावासाठी : लांब उडीचा वाळूचा खड्डा उत्तम. बीकन प्लॅस्टिकच्या डब्यात घालून पुरायचा, पाठ फिरवून उभं राहायचं, दुसऱ्यानं घड्याळ लावायचं. माझा पहिला वेळ अकरा मिनिटं होता, आता तीनच्या आत येतो. आणि खणायलाही वेळ लागतो, तोही मोजा.

आडवाटेचा_निनाद | १६ जानेवारी, दुपारी ३.००

मी माझा ४८ तासांचा नियम मागे घेतो. :) पण सह्याद्रीची भाषा सोडत नाही. हे सगळं वाचून एक मनात पक्कं बसलं : सोंडेनं, म्हणजे उतरत्या धारेनं जा, नाळेनं, म्हणजे घळीतून नको. आपल्याकडे नाळेची वाट म्हणजे जीव की प्राण. बर्फात मात्र नाळ म्हणजे दोन्ही बाजूंचा बर्फ जिथे येऊन साठतो ती जागा. लहानसा लोटही तिथे माणसाला दहा फूट खाली गाडेल. सॅपरकाका, बरोबर?

निवृत्त_सॅपर | १६ जानेवारी, दुपारी ३.४०

शंभर टक्के. आणि झाडांकडे बघ. देवदारांच्या दाट रानात मधूनच वरपासून खालपर्यंत मोकळा पट्टा गेलेला असेल, त्यात फक्त वाकलेले कोवळे भूर्ज असतील, कडेच्या झाडांच्या वरच्या अंगाच्या फांद्या मोडलेल्या असतील, तर तो लोटाचा हमरस्ता. तिथे जेवायला बसायचं नाही. ओलांडायचाच असेल तर एकेकानं, सॅकचा कमरेचा पट्टा सोडून, बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून डोळे लावून. तेही सकाळी लवकर. मार्चमध्ये पूर्वेच्या उतारांना ऊन आधी लागतं, बर्फ ओला होऊन सुटतो. दुपारी घोट्याच्या वर पाय रुतायला लागले की उशीर झालाय.

सई_कोथरूड | २१ जानेवारी, रात्री ११.१५

मंडळी, आठवडाभर गायब होते, पण गृहपाठ चालू होता.

तात्यांची पट्टी करून नकाशा रंगवला. धुंदीपासून बकरथाचपर्यंत आमची वाट पांढरीच राहिली. पण तिच्या दोन्ही अंगांना वर लालच लाल. आमचा तंबू ज्या सपाटीवर ठरला होता, तिथून वरच्या उताराच्या माथ्याकडे बघायचा नजरेचा कोन नकाशावरून काढला तर २७ अंश येतोय. म्हणजे आम्ही बरोबर लोट थांबतो त्या जागी झोपणार होतो. हे कळल्यावर दोन मिनिटं मी पेन्सिल खाली ठेवून नुसती बसून राहिले.

मग वाटाड्याला पुन्हा फोन केला आणि गढवालप्रेमींनी सांगितला तसाच प्रश्न विचारला : "भैया, ग्लेशियर कहाँ-कहाँ आता है?" तो वीस मिनिटं बोलत होता. कुठल्या नाल्यात दर वर्षी येतो, कुठे फक्त मोठ्या बर्फाच्या वर्षी, कुठे दुपारनंतर, कुठल्या थाचावर, म्हणजे कुरणावर, त्याच्या वडिलांच्या काळात मेंढ्या गेल्या, सगळं. मी नकाशावर खुणा करत गेले आणि त्याचे नाले जवळजवळ सगळे लाल पट्ट्यांच्या खालीच पडले. शेवटी तो म्हणाला, "मार्च में तो हम लोग उधर रात को नहीं रुकते." मी विचारलं, मग आधी का नाही सांगितलं? "आपने पूछा नहीं, मॅडम. और आप लोगों ने तो जगह तय कर ली थी."

तर पिट्टूवाला, तुमचंही बरोबर होतं. त्याला कळतं. मलाच विचारता येत नव्हतं.

आता ठरलंय ते असं. कुंडाचा हट्ट सोडला. मुक्काम सोलंगला. रानातल्या सोंडेवरून दिवसभराच्या फेऱ्या, ३० अंशांच्या आतच, आणि खड्डे खणायचा, काठीनं मोजायचा भरपूर सराव. तीन दिवस जादा ठेवलेत, म्हणजे बर्फ पडला तर नुसतं बसून राहता येईल. सहातल्या कुणीही एकानं "नको" म्हटलं की सगळे मागे, कारण विचारायचं नाही. हे कागदावर लिहून सहाही जणांनी सह्या केल्यात. मुग्धाताई, तो नियम तुमच्या पोस्टमुळे आला. कुंडाला मे महिन्यात जाऊ.

डोंगरवेडा_७१ | २१ जानेवारी, रात्री ११.२२

मे. :) भले शाब्बास पोरी. मीही येतो मे महिन्यात.

मुग्धा_सहकारनगर | २२ जानेवारी, सकाळी ६.१०

सई, वाचून डोळे भरले. कारण विचारायचं नाही, हे फार महत्त्वाचं आहे.

आडवाटेचा_निनाद | २२ जानेवारी, सकाळी ९.००

काल वेताळ टेकडीवर काठ्यांची रीत करून पाहिली. मला जो चढ "चांगलाच उभा" वाटत होता तो १८ अंश निघाला. आणि खाणीच्या अलीकडचा एक घसारा मी डोळ्यांनी ४५ म्हटला, निघाला ३३! नजर भयंकर फसवते. सई, जाण्याआधी इथेच वीसेक उतार मोजून जा.

सई_कोथरूड | २२ जानेवारी, सकाळी ९.४०

रविवारी सकाळी सहाला? एआरएआयच्या बाजूनं चढू. मी काठ्या आणि फोन दोन्ही आणते. तात्या, तुमचे दोन बीकन मिळतील का?

तांत्रिक_तात्या | २२ जानेवारी, सकाळी १०.०५

आणतो. नवे सेल घालून आणतो. डबा आणि फावडं तुम्ही आणा.

निवृत्त_सॅपर | २२ जानेवारी, सकाळी ११.३०

मी पण येतो. गुडघा टेकडीएवढं चालू देतो. मीराताई, लेकाला पाठवा, घड्याळ त्याच्याकडे देऊ.